करांची उलटी उतरंड

संस्कृत शास्त्रकारांनीं व्यवहारांतल्या लहानसहान गोष्टींवरून कित्येक न्याय बसविले आहेत. त्यांत ‘घट्टकुटीप्रभात’ नांवाचा एक आहे. जकात चुकवावी म्हणून एक व्यापारी रात्रीं आडवाटेनें निघाला. अंधारांत वाट चुकत चुकत रात्रभर चालला. आणि उजाडलें तेव्हां पाहतो तों समोर जकातनाक्याचीच झोपडी! जें टाळावयाचें तेंच शेवटीं पुढ्यांत येऊन उभें राहतें, असा त्या न्यायाचा अर्थ. पस्तीस वर्षें आम्हीं हा न्याय मुलांना शिकविला. परंतु सेवानिवृत्त होऊन अंबरनाथच्या बाजूस राहावयास आल्यापासून त्याची एक उलटी बाजू आमच्या दृष्टीस पडूं लागली आहे. येथें असे कित्येक लहान कारखानदार आहेत कीं, ज्यांनीं एकही नाका चुकविलेला नाहीं. उलट प्रत्येक नाक्यावर त्यांचा पैसा देण्याहून अधिक गेला आहे. आणि तो अधिक गेलेला पैसा परत घेण्याकरितां नाक्याच्या दारीं जावयास मात्र त्यांचे पाय अडखळतात.

कुटुंबांतील सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत करांचा हा रुक्ष विषय कशाला, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर असें कीं, हा विषय आतां आमच्या माजघरापर्यंत येऊन पोंचला आहे. आमच्या वडिलांच्या पिढींत घरचा मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे कचेरींत, बँकेंत किंवा शाळेंत चिकटे. पगार एक तारखेस हातीं येई. व्यापार हें आपलें काम नव्हे, अशी एक समजूत, आणि खरें बोलावयाचें तर थोडीशी आढ्यताही, आमच्या घरांतून होती. ती दिवसेंदिवस ओसरत आहे. दादर-गिरगांवच्या दोन खोल्या सोडून डोंबिवलीस, आणि तेथून पुढें अंबरनाथ-बदलापुरास आलेल्या कुटुंबांतील मुलें आज औद्योगिक वसाहतींत गाळा घेऊन, दोन-चार यंत्रें मांडून स्वतःचा धंदा करीत आहेत. त्यांच्या वह्यांत काय चाललें आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांस व सुनांस ठाऊक असलेलें बरें.

उल्हास नदीच्या खोऱ्यांतील हीं तीन गांवें एकमेकांस लागून असलीं तरी तिघांची प्रकृति निराळी. अंबरनाथ प्राचीन, तेथील शिवालयावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. उल्हासनगर अगदीं अर्वाचीन. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. सर्वस्व गमावून आलेल्या त्या मंडळींनीं कापड, लांकडी सामान आणि पुढें जीन्सच्या विजारी यांचा असा व्यापार उभा केला कीं, मुंबईचा ग्राहक आगगाडींत बसून तेथें जाऊं लागला. बदलापुरास पूर्वीं प्रवासांतले घोडे बदलीत, म्हणून तें नांव पडलें असें लोक सांगतात. आज तेथें माणसें घरें बदलून राहावयास येतात. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रसायनें, यंत्रांचे सुटे भाग आणि कापडावरील प्रक्रिया यांचे लहानमोठे कारखाने आहेत. ह्या सर्व धंद्यांत एक गोष्ट अशी घडते कीं, कच्चा माल भारी कराचा आणि तयार काम हलक्या कराचें. तेथूनच आमच्या विषयाचा आरंभ होतो.

१ जुलै २०१७ रोजीं देशांत वस्तु व सेवा कर सुरू झाला. लोक त्यास जीएसटी म्हणतात. त्याचें मूळ तत्त्व सरळ आहे. प्रत्येक व्यापाऱ्यानें आपल्या विक्रीवर कर गोळा करावा. परंतु त्यानें स्वतः खरेदी करतांना जो कर दिला असेल तो त्यांतून वजा करावा व उरलेलाच सरकारांत भरावा. ह्या वजावटीस बाजारांत नुसतें ‘क्रेडिट’ म्हणतात. असें केल्यानें एकाच मालावर करावर कर बसत नाहीं, आणि सगळा भार शेवटीं वापरणाऱ्यावर पडतो. व्यापारी हा मधला हमाल. त्यानें ओझें एका हातानें घ्यावें व दुसऱ्या हातानें पुढें द्यावें.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठें मडकें तळाशीं, त्यावर त्याहून लहान, आणि अगदीं वर बोळकें. करांची उतरंडही अशी असावी कीं, व्यापाऱ्यानें विक्रीवर गोळा केलेला कर हें तळचें मोठें मडकें, आणि खरेदीवर दिलेला कर हें त्यावर बसणारें लहान मडकें. म्हणजे वजाबाकी सुरळीत होते. परंतु कांहीं धंद्यांत खरेदीवरील कराचा दर १८ टक्के व विक्रीवरील ५ टक्के असा असतो. मग मोठें मडकें वर आणि लहान खालीं, अशी उतरंड उलटी बसते. गोळा केलेला कर थोडा, दिलेला कर पुष्कळ. वजा करूनही क्रेडिट शिल्लक राहतें, आणि तें महिन्यामागून महिना सांचत जातें. पोर्टलवरील खात्यांत आंकडा दिसतो, पण त्यांतून मजुराची मजुरी देतां येत नाहीं, कीं विजेचें बिल भरतां येत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी ह्याच पेंचांत सांपडला होता. आंबरनाथकडील एका शेडमध्यें तो जीन्सच्या विजारींची धुलाई करतो. ज्यांनीं हा धंदा पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, शिवून आलेली नवी विजार ताठ आणि गडद निळी असते. तिला बाजारांत मागणी असलेला मऊपणा व फिका, वापरल्यासारखा रंग आणावयाचा तर मोठ्या फिरत्या पिंपांतून एंझाइम, ब्लीच व इतर रसायनें घालून ती धुवावी लागते. विजारी उल्हासनगरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या. हा फक्त प्रक्रिया करून देतो. ह्यास जॉबवर्क म्हणतात. कापड व कपड्यांवरील जॉबवर्कचा कर ५ टक्के. पण रंग, रसायनें व एंझाइम हीं १८ टक्क्यांचीं. उतरंड उलटीच बसणार. ह्याच धंद्याचें सांडपाणी वालधुनी नदींत जातें म्हणून राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरणें गेलीं आणि उल्हासनगरांतील अनेक धुलाईखाने बंद पडले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नदीचें ऋण मोठें आहे, आणि तें कोणत्याही वजावटींत फिटत नाहीं. आमचा विद्यार्थी पाणी शुद्ध करण्याची सोय असलेल्या ठिकाणीं धंदा करतो. त्यास त्याचाही खर्च पडतो.

एके दिवशीं तो भेटावयास आला तेव्हां उतरलेला दिसला. खोदून विचारतां कळलें कीं, रसायनवाल्याचें देणें भागविण्यासाठीं त्यानें पत्नीच्या पाटल्या बँकेंत ठेवल्या होत्या. त्याच वेळीं त्याच्या पोर्टलवरील खात्यांत त्या पाटल्यांवर मिळालेल्या कर्जाहून मोठी रक्कम क्रेडिट म्हणून पडून होती! “अरे, मग ती मागून कां घेत नाहींस?” आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “मास्तर, सरकारकडे पैसे कसले मागावयाचे? मागितले कीं चौकशी मागें लागेल. त्यापेक्षां तें पुढें कधीं तरी वळतें होईल.” आम्हीं म्हटलें, “तुझा विक्रीचा दर खरेदीच्या दराहून चढल्याशिवाय तें कसें वळतें होणार? विहिरींत पडलेली घागर आपण होऊन वर येते काय?” त्याच्या पत्नीनें, जी बी.कॉम. आहे व जिच्या पाटल्या गेल्या होत्या, एवढेंच विचारलें, “गुरुजी, कायद्यांत हें कोठें लिहिलें आहे?” आमच्या मतें तो त्या दिवसाचा सर्वांत शहाणपणाचा प्रश्न होता.

तें लिहिलें आहे २०१७ च्या केंद्रीय वस्तु व सेवा कर अधिनियमाच्या कलम ५४, पोटकलम ३ मध्यें. पडून राहिलेल्या क्रेडिटचा परतावा तेथें दोनच प्रसंगीं सांगितला आहे. एक, कर न भरतां निर्यात किंवा तत्सम पुरवठा केला तर. आणि दुसरा, खरेदीच्या मालावरील कराचा दर विक्रीवरील दराहून अधिक असल्यामुळें क्रेडिट सांचलें तर. विक्री अगदींच करमुक्त असेल तर मात्र हा परतावा नाहीं. शिवाय सरकारनें अधिसूचनेनें कांहीं वस्तु व सेवा वगळल्या आहेत. बदलापुरांत आज जिकडे पाहावें तिकडे इमारती उठत आहेत. परंतु बांधकाम-सेवेस हा परतावा मिळत नाहीं. खाद्य तेलें व कोळसा हींही जुलै २०२२ पासून वगळलीं गेलीं.

किती परत मिळतें हें नियम ८९, पोटनियम ५ मधील सूत्रावरून ठरतें. सूत्र पाहून पुष्कळांची छाती दडपते. पण इयत्ता सातवीच्या त्रैराशिकाहून तें कठीण नाहीं. वाचकहो, एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका धुलाईखान्याचें महिन्याचें सर्व काम ६,००,००० रुपयांचें. त्यावर ५ टक्क्यांनीं कर ३०,००० रुपये. त्यानें ३,००,००० रुपयांचीं रसायनें घेतलीं. त्यांवर १८ टक्क्यांनीं कर ५४,००० रुपये. शेडचें भाडें, यंत्रदुरुस्ती, हिशेबनिसाचें मानधन अशा सेवांवर १,००,००० रुपये खर्च झाले; त्यांवर कर १८,००० रुपये. म्हणजे एकंदर क्रेडिट ७२,००० रुपये. त्यांतून ३०,००० वळते झाले व ४२,००० शिल्लक राहिले.

आतां ४२,००० परत मिळतील असें वाटेल. पण तसें नाहीं. ह्या परताव्यांत केवळ मालावरील कर धरतात. सेवांवरील व यंत्रसामग्रीवरील कर धरीत नाहींत. पूर्वींच्या सूत्रानें मालावरील ५४,००० मधून विक्रीकराचे सगळे ३०,००० वजा करीत; हातीं येत २४,०००. ह्यांत एक अन्याय होता. विक्रीवरचा कर भरतांना मालाचें व सेवांचें असें दोन्ही क्रेडिट वापरलें जातें. मग तो सगळाच मालाच्या वांट्यांतून कां वजा करावा? ५ जुलै २०२२ रोजीं सूत्र बदललें. आतां ३०,००० पैकीं मालाच्या प्रमाणांत येणारा हिस्साच वजा होतो. ७२,००० मध्यें मालाचे ५४,००० म्हणजे पाऊण हिस्सा. ३०,००० चा पाऊण हिस्सा २२,५००. तो ५४,००० मधून वजा जातां उरले ३१,५०० रुपये. एवढे परत मागतां येतात. वर्षाचे झाले ३,७८,००० रुपये. राहिलेले महिन्याचे १०,५०० खात्यांत पडून राहतात. आजच्या नियमानें त्यांना वाट नाहीं.

हा सेवांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हीकेसी फूटस्टेप्स ह्या पादत्राणांच्या कंपनीच्या प्रकरणीं गुजरात उच्च न्यायालयानें २४ जुलै २०२० रोजीं, सेवांवरील करही परत द्यावा, असा निकाल दिला. मद्रास उच्च न्यायालयानें दुसऱ्या प्रकरणीं त्याच सप्टेंबरांत नेमका उलट निकाल दिला. अखेर १३ सप्टेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासचें मत उचलून धरलें. परतावा हा राज्यघटनेनें दिलेला हक्क नसून कायद्यानें जेवढा दिला तेवढाच हक्क आहे, असें सांगितलें. परंतु सूत्रांतील विसंगति मान्य करून जीएसटी परिषदेनें तिचा विचार करावा, असेंही सुचविलें. वर सांगितलेली २०२२ ची दुरुस्ती त्यानंतरची. म्हणजे ज्यांनीं दाद मागितली ते हरले, तरी त्यांच्या मागण्यानें मागाहून येणाऱ्या सर्वांच्या पदरांत कांहीं पडलें. ‘मागून काय होणार’ असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आणखी दोन-तीन गोष्टी प्रत्येक घरानें जाणून घ्याव्या. पहिली, मालांत केवळ १८ टक्क्यांचा मालच धरावयाचा असें नाहीं. ५ टक्क्यांचा माल, वेष्टनाचें सामान, किरकोळ सुटे भाग, जे यंत्र म्हणून भांडवलांत दाखविलेले नाहींत, ते सर्व धरतां येतात. ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकानें हें स्पष्ट केलें आहे. दुसरी, जो माल घेतला तोच विकला, आणि मधल्या काळांत कराचा दर उतरला, तर त्यास उलटी उतरंड म्हणत नाहींत. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं अनेक जिनसांचे दर उतरले तेव्हां जुना माल दुकानांत असलेल्या दुकानदारांनीं हीच आशा केली. पण खरेदीची व विक्रीची वस्तु एकच असेल तर केवळ दर उतरला म्हणून हा परतावा मिळत नाहीं. तिसरी, ज्यानें माल विकला त्यानें आपलें विवरणपत्र भरून आपलें बिल त्यांत दाखविलें तरच तें बिल आपल्या खात्यांत उमटतें. विकणारा आळशी निघाला कीं आपला परतावा अडला. म्हणून रसायन स्वस्त देणाऱ्यापेक्षां वेळेवर विवरणपत्र भरणारा विक्रेता पाहावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. ज्या कालावधीचें क्रेडिट मागावयाचें, त्याचें विवरणपत्र भरण्याच्या ठरलेल्या तारखेपासून दोन वर्षांच्या आंत अर्ज केला पाहिजे. करोनाच्या सांथीमुळें १ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतींतून वगळला गेला होता. परंतु तशी सवलत सांथीपुरतीच. हक्क सांचत राहतो असें समजूं नये. तो महिन्या-महिन्यानें मरत जातो. आमच्या विद्यार्थ्याचें असेंच झालें. ‘पुढें कधीं तरी’ म्हणत बसल्यामुळें आरंभींच्या कित्येक महिन्यांची मुदत टळून गेली होती. ते पैसे खात्यांत आजही दिसतात, पण मागतां येत नाहींत. जे महिने मुदतींत होते त्यांचा अर्ज त्याच्या पत्नीनें व त्यांच्या सी.ए.नें मिळून तयार केला.

अर्ज संगणकावरूनच करावयाचा असतो. सप्टेंबर २०१९ पासून सगळा व्यवहार पोर्टलवर होतो. अर्जाबरोबर खरेदीच्या बिलांची यादी, सूत्राचें कोष्टक व विहित घोषणापत्रें जोडावीं लागतात. मागतां येणारी रक्कम म्हणजे सूत्रानें आलेला आंकडा, त्या कालावधीच्या अखेरीची खात्यांतील शिल्लक आणि अर्जाच्या दिवशींची शिल्लक, ह्या तिहींतील सर्वांत लहान. अर्ज दाखल झाला कीं तेवढें क्रेडिट खात्यांतून कमी होतें. अधिकाऱ्यानें पंधरा दिवसांत पोंच द्यावी किंवा उणीवा कळवाव्या. उणीवा निघाल्या तर क्रेडिट खात्यांत परत येतें व अर्ज नव्यानें करावा लागतो. मात्र मधला काळ दोन वर्षांच्या मुदतींत धरला जात नाहीं. पूर्ण अर्जापासून साठ दिवसांत निर्णय व्हावा. त्याहून उशीर झाल्यास सरकारनें ६ टक्के व्याज द्यावें, असा कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांपैकीं जे कमी जोखमीचे ठरतील, त्यांस ९० टक्के रक्कम आधीं हंगामी म्हणून द्यावी, अशीही सूचना केंद्रीय मंडळानें काढली आहे. लहान धंद्यास ह्याचा मोठा आधार आहे. कारण त्याचा जीव खेळत्या भांडवलांत असतो.

आमच्या विद्यार्थ्याचा पहिला अर्ज एका यादींतील कांहीं बिलें न जुळल्यामुळें परत आला. तो लगेच म्हणाला, “पाहा मास्तर, मी सांगत होतों!” त्याच्या पत्नीनें मात्र शांतपणें बिलें जुळवून, ज्या विक्रेत्यानें विवरणपत्र भरलें नव्हतें त्याचीं बिलें बाजूस काढून, पुन्हां अर्ज केला. रक्कम आली. पाटल्या सुटल्या. अधिकाऱ्यानें जी चौकशी केली ती बिलांचीच होती, आणि बिलें खरीं असल्यावर चौकशीची भीति कसली?

ह्या विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परतावा हें औषध आहे. रोग दरांच्या मांडणींत आहे. कापडाचें उदाहरण घ्या. पूर्वीं कृत्रिम धाग्यांच्या तंतूंवर १८, सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के, अशी पुरती उलटी उतरंड होती. आणि वर कापडास परतावाही नव्हता. २६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेनें १ ऑगस्टपासून परतावा दिला, पण ३१ जुलैपर्यंत सांचलेलें क्रेडिट बुडालें असें ठरविलें. पुढें २०१९ मध्यें गुजरात उच्च न्यायालयानें तें बुडविणें रद्द ठरविलें. मग तिन्ही ठिकाणीं १२ टक्के करण्याचें ठरलें. कापड महागेल अशी ओरड झाली, आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजीं परिषदेनें तो बेत पुढें ढकलला. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतु व सूत हीं दोन्ही ५ टक्क्यांवर आणलीं गेलीं. आठ वर्षांनीं तेथील मडकीं नीट बसलीं. खताचेंही तसेंच. १९१९ सालीं स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनें ह्याच अंबरनाथास गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खत यांचा कारखाना काढला होता. खतास गंधकाम्ल लागतें हें येथील जुन्या माणसांस शाळेंत न जातांही ठाऊक. परंतु २०१७ पासून खतावर ५ व गंधकाम्लावर १८ टक्के असे दर होते. तेही त्याच दिवशीं ५ टक्क्यांवर आले. धुलाईखान्याच्या रंगरसायनांचें मात्र तसें झालेलें नाहीं; तीं शंभर धंद्यांत लागतात, म्हणून त्यांचा दर एका धंद्याकडे पाहून उतरवितां येत नाहीं. तेथें परताव्याचाच मार्ग उरतो.

कोणी म्हणेल, मग सरकारच्या तिजोरींतून काढतां येईल तितकें काढावें. तसें म्हणणाऱ्यांपासून आमच्या मुलांनीं दूर राहावें. माल न घेतां नुसतीं बिलें विकणारे लोक बाजारांत असतात. अशा बिलांवर परतावा घेणें हा गुन्हा आहे, आणि घेतलेली रक्कम व्याजदंडासह भरावी लागते. खोटें बिल घेणारा तो आडवाटेचा व्यापारी होय. त्याची पहांट कोठें उजाडावयाची हें शास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. परंतु ज्यानें खरा माल घेतला, खरा कर दिला, त्यानें आपली रक्कम मागणें ही याचनाही नव्हे आणि लबाडीही नव्हे. शेजाऱ्याकडे विरजणाची वाटी गेली तर ती परत आणावयास आपण लाजत नाहीं. मोठ्या कंपन्या आपला रुपयान् रुपया वेळेवर मागून घेतात. त्यांच्यापाशीं त्यासाठीं माणसें नेमलेलीं असतात. मुदत टळते ती एकट्या-दुकट्या गाळेवाल्याची. आणि त्या टळलेल्या मुदतीची किंमत घरांतल्या कोणाच्या तरी अंगावरून उतरते.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या घरांत कोणी धंदा करीत असेल तर त्यास नफा किती झाला हें विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: खरेदीवर किती टक्के देतोस? विक्रीवर किती घेतोस? आणि खात्यांत सांचलेलें क्रेडिट कोणत्या महिन्यापासूनचें आहे? पहिला आंकडा दुसऱ्याहून मोठा असेल तर तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच आठवड्यांत काढावें. घरांतील सुनेस हिशेब येत असेल तर ती वही तिच्या हातीं द्यावी. आमच्या पाहण्यांत तरी जेथें असें झालें तेथें मुदत टळलेली नाहीं. महिन्याचीं बिलें महिन्यांत लावून ठेवणें हें देवघरांतील समई रोज पुसून ठेवण्याइतकेंच साधें काम आहे. तें रोजच्या रोज केलें तर पांच मिनिटांचें, आणि दोन वर्षें राहून गेलें तर कोणाच्याच्यानें न होणारें.